कानाला सुटे भाग मिळत नाहीत

'डीजे' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती मिरवणुकीतली, ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. त्यामुळे 'काका, माझं डीजेचं सामान तुमच्या खोलीत ठेवू का?' असं पुतण्यानं विचारलं, तेव्हा मी काही बोलायच्या आत त्याची काकू म्हणाली, 'आणि आम्ही कुठं राहायचं?'

प्रत्यक्षात आली ती दोन टर्नटेबलं, एक मिक्सर आणि एक हेडफोन. माझा जुना अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि चाळीस वर्षांत जमवलेल्या रेकॉर्डी होत्याच. झाला संसार सुरू!

माझ्या रेकॉर्ड प्लेअरची तबकडी रबरी पट्ट्यानं फिरते. त्याच्या टर्नटेबलची मोटर थेट तबकडीखाली. टेक्निक्स कंपनीनं अशा बनावटीचं 'एसएल-१२००' १९७२ साली काढलं, ते घरी निवांत ऐकणाऱ्यांसाठी. डोक्यावर घेतलं मात्र डीजेंनी. रेकॉर्ड बोटांनी धरून ठेवली तरी खालची तबकडी फिरत राहते आणि हात सोडताच गाणं नेमक्या ठेक्यावर सुरू होतं.

पहिल्याच दिवशी त्यानं माझी सतारीची रेकॉर्ड लावली. आवाज अगदी क्षीण, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. 'काका, रेकॉर्ड खराब झाली तुमची.' मी मागे जाऊन पाहिलं, तर वायर 'फोनो'ऐवजी 'लाइन'मध्ये खोचलेली. रेकॉर्ड तयार करताना खर्जाचा आवाज मुद्दाम दाबतात आणि वरचा वाढवतात. नाहीतर खाचा फार रुंद होतील. फोनोच्या जोडणीत ते पुन्हा उलटं केलं जातं आणि सुईकडून येणारा अगदी दुबळा विद्युतप्रवाहही वाढवला जातो. वायर बदलली आणि सतार बोलू लागली.

मग मी काका असल्याचा फायदा घेतला. स्पीकर कोपऱ्यात होते, ते भिंतीपासून पुढे ओढायला लावले. कोपऱ्यात खर्ज नुसता घुमतो. उंची बसल्यावर कानाशी येईल अशी, आणि दोन स्पीकर व आपण मिळून समभुज त्रिकोण. समोर जाड पडदा, मागे पुस्तकांचं कपाट. खर्च शून्य, फरक मात्र मोठा!

इथवर गंमत होती. त्या संध्याकाळी मी तानपुऱ्याची रेकॉर्ड लावली आणि नेहमीची तक्रार केली, 'जवारीची ती झणझण येत नाही रे.' या तक्रारीपायी दोन वर्षांत मी सुई बदलली, वायरी बदलल्या, स्पीकरमधले ट्वीटरही बदलले. पुतण्या माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, 'काका, येतेय की! स्वच्छ येतेय.'

आठवड्यानं कानाची तपासणी केली. दोन्ही कानांचा आलेख वरच्या स्वरांपाशी उतरत गेलेला. डॉक्टर म्हणाले, थोडं वयाचं, थोडं सवयीचं. सवय कोणती, ते मला ठाऊक होतं. घरच्यांची झोपमोड नको म्हणून वर्षानुवर्षं रात्री हेडफोन लावायचो, आणि आवाज मनसोक्त वाढवायचो. आतल्या कानातल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. स्पीकरचे सुटे भाग बाजारात मिळतात, कानाचे नाही.

पुतण्याचा तर धंदाच हेडफोनचा. एका कानानं समोरचं गाणं, दुसऱ्यानं पुढचं. खोलीत गोंगाट असला की हेडफोनचा आवाज आणखी वर. अमेरिकेतल्या 'निऑश' या संस्थेनं कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास अशी आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं!

त्याला मी उपदेश केला नाही. माझा आलेख समोर ठेवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग काकूकडून दोन लाल टिकल्या मागून आणल्या. एक अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाशी चिकटवली, दुसरी मिक्सरच्या हेडफोनच्या बटणाशी. त्यापुढे बटण फिरवायचं नाही, त्यानंही आणि मीही. कार्यक्रमाला जाताना आता त्याच्या पिशवीत कानात घालायची बुचंही असतात.

श्रोतेहो, चांगली यंत्रणा ती, जी हळू आवाजातही सगळं ऐकवते. रविवारी सकाळी आम्ही दोघं तानपुरा लावून बसतो. झणझण कधी सुरू झाली, ते तो बोट वर करून सांगतो. मी मान डोलावतो. निदान त्याला तरी ती माझ्या वयापर्यंत ऐकू यावी, एवढंच आता मागणं आहे.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)