रिकाम्या आसनाचे पट्टे

1963 साली चंदीगडला मिग-21 विमानांची पहिली तुकडी उभी राहिली. 26 सप्टेंबर 2025 रोजी त्याच चंदीगडला या विमानाने हवाई दलाचा निरोप घेतला. मधल्या काळात यातली शेकडो विमाने आपल्या नाशिकजवळच्या ओझरला तयार झाली. आता ते पाहायचे तर संग्रहालयात, चौथऱ्यावर, नाहीतर टेबलावरच्या प्लास्टिकच्या प्रतिकृतीत.

अठ्ठेचाळीसपट लहान केले की त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम 15 सेंटिमीटर भरतात. खोक्यातले वैमानिकाचे आसन बहुधा साधेच असते. म्हणून हौशी माणूस रेझिनचे आसन आणि पितळी पत्र्याचे पट्टे वेगळे विकत घेतो. पण बाहेरून आणलेला भाग आपसूक बसत नाही. आधी गोंद न लावता जुळवून पाहायचे. रेझिनचा जादा ठोकळा करवतीने कापायचा, तोही तोंडाला मास्क लावून. ती भुकटी फुप्फुसांना वाईट. मग धडाच्या भिंती आतून घासून पातळ करायच्या. प्लास्टिकचा गोंद रेझिनला धरत नाही. तिथे फेविक्विकसारखा गोंद लागतो. शेपटीत रेझिनचे जड नळकांडे घातले, तर नाकात वजन वाढवावे लागते, नाहीतर विमान मागे कलंडते.

पितळी पट्टे ज्योतीवर तापवून गार होऊ दिले की मऊ पडतात, कापडासारखे आसनावर ओघळतात. कॉकपिटचे झाकण चिकटवल्यावर ते फारसे कुणाला दिसत नाहीत. तरीही ते नीट बसवावेत. या विमानांच्या अपघातांत कितीतरी तरुण वैमानिक गेले. त्या जागी माणूस बसत होता.