राजाचं भविष्य आणि प्रजेचा प्रश्न

(वडवणी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



निवडणुकीचा अर्ज भरण्याचा दिवस आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. तहसीलसमोर गाड्यांची रांग लागलेली असते. गुलाल, हलगी, घोषणा. कागदपत्रं तयार, अनामत तयार, सूचक हजर. तरी उमेदवार गाडीतून उतरत नाही. शेजारी बसलेला माणूस घड्याळ बघत असतो, कारण राहुकाळ संपायचा असतो. तो संपला की दार उघडतं आणि अर्ज दाखल होतो. जिल्हा परिषद असो की विधानसभा, हे चित्र कुठल्या एका पक्षाचं नाही. एकाच मतदारसंघातले प्रतिस्पर्धीही तोच शुभ मुहूर्त साधतात. त्यातला एकच निवडून येतो आणि बाकीच्यांचा मुहूर्त कुठे गेला, हे कोणी विचारत नाही.

मी ख्रिस्ती आहे. आज इथे कुणाच्या धर्मावर टीका करायला आलेलो नाही. भविष्य विचारण्याचा मोह प्रत्येक धर्माच्या माणसाला होतो, आमच्याही लोकांना होतो. सत्तेवर बसलेला माणूस भविष्य विचारायला जातो तेव्हा लोकशाहीचं काय होतं, याबद्दल माझी श्रद्धा मला काय शिकवते, तेवढंच मला मांडायचं आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं अशा दोनशे जणांच्या कुंडल्या जमवल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या. कुंडली बघून मूल हुशार की मतिमंद, एवढंच सांगायचं होतं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगलं उत्तर चाळीसपैकी चोवीस बरोबर, आणि सगळ्यांची सरासरी विसाच्याही खाली. नाणं उडवून उत्तरं लिहिली असती तरी वीस आली असती.

राजकारणातलं उदाहरण शेजारच्या श्रीलंकेतलं आहे. राष्ट्राध्यक्ष महिंद राजपक्षे यांची मुदत संपायला जवळजवळ दोन वर्षं बाकी होती. आपल्या ज्योतिषाच्या सल्ल्याने त्यांनी मुदतीआधीच निवडणूक लावली. ८ जानेवारी २०१५ ला मतदान झालं आणि ते हरले. अमेरिकेत ३० मार्च १९८१ ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला. त्यानंतर त्यांच्या पत्नीने जोन क्विगली या ज्योतिषी बाईंना विचारून राष्ट्राध्यक्षांच्या कार्यक्रमांच्या वेळा ठरवायला सुरुवात केली. हे १९८८ मध्ये बाहेर आलं. बायबलवर हात ठेवून शपथ घेणाऱ्या माणसाच्या घरातली ही गोष्ट आहे. म्हणून म्हणतो, हा प्रश्न एका धर्माचा नाही.

आपल्या महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याने भरलेली घागर, पापड, करंजी, कुरडई आणि पानाचा विडा. रात्रभर तिकडे कोणी जात नाही. पहाटे जाऊन धान्य किती हललं, ढेकूळ किती भिजलं, ते बघून पाऊसपाणी सांगतात. विडा म्हणजे राजा. तो जागेवर राहिला की राजाची गादी टिकणार. ज्याचं सगळं पावसावर आहे, त्या शेतकऱ्याने आभाळाकडे बघावं, यात मला त्याची काळजी दिसते. तिची थट्टा मी कधीही करणार नाही. पण राजाची गादी आता विड्यावर ठरत नाही. ती तुमच्या बोटावरच्या शाईने ठरते. निवडणूक आयोगानेही २०१७ मध्ये स्पष्ट केलं की एक्झिट पोलवर बंदी असलेल्या काळात ज्योतिषी किंवा टॅरोवाल्यांची निकालाची भाकितंही प्रसिद्ध करता येणार नाहीत.

आता बायबलकडे येतो. त्यात राजकारणातल्या भाकिताची एक गोष्ट आहे. इस्राएलचा राजा अहाब याला रामोथ-गिलाद जिंकायचं होतं. शोमरोनच्या वेशीजवळच्या खळ्यात अहाब आणि त्याच्या साथीला आलेला दुसरा राजा, असे दोन राजे राजवस्त्रं घालून सिंहासनांवर बसले आहेत. समोर चारशे संदेष्टे उभे आहेत आणि चारशेही एका सुरात सांगताहेत की चढाई करा, विजय तुमचाच. एकाने तर लोखंडाची शिंगं करून आणली. मीखाया नावाचा एक माणूस तेवढा बाकी होता. त्याला बोलवायला गेलेला दूत वाटेतच समजावतो: सगळे चांगलं बोललेत, तूही चांगलंच बोल. मीखाया म्हणाला, मला डोंगरावर विखुरलेली माणसं दिसतात, मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी. राजाने त्याला भाकर-पाण्यावर तुरुंगात टाकलं. मग अहाब वेष बदलून लढाईत उतरला. कुणीतरी सहज सोडलेला बाण चिलखताच्या सांध्यातून आत गेला आणि संध्याकाळी राजा मेला.

या गोष्टीत मीखायाचं भाकीत खरं ठरलं, एवढंच पाहू नका. चारशेंची नजर राजाच्या चेहऱ्यावर होती, मीखायाची नजर लोकांवर होती. राजाने विचारलं, माझं काय होईल? मीखायाने उत्तर दिलं, लोकांचं काय होईल. आजच्या राजकारणाला हाच फरक मला सांगायचा आहे.

दुसरी गोष्ट योनाची. चाळीस दिवसांत निनवे शहर उद्ध्वस्त होईल, असं त्याने जाहीर केलं. लोकांनी ऐकलं, राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, अन्याय थांबवा असा हुकूम निघाला, आणि शहर वाचलं. भाकीत खरं ठरलं नाही. ज्योतिषाच्या हिशेबाने योना नापास झाला. देवाच्या हिशेबाने काम फत्ते झालं, कारण माणसं सुधारावीत हाच त्या इशाऱ्याचा हेतू होता. ग्रहांना पश्चात्ताप दाखवून उपयोग नसतो. देवापुढे आणि समाजापुढे मात्र माणूस बदलू शकतो, आणि त्याच्याबरोबर उद्याही बदलतो.

कोणी विचारेल, तुमच्या नाताळातच तारा आहे आणि पूर्वेकडचे ज्ञानी आहेत, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते ज्ञानी ताऱ्यामागून आले आणि बाळापुढे नम्र झाले. पण त्याच ताऱ्याची वेळ राजा हेरोदाने गुपचूप विचारून घेतली आणि त्या हिशेबाने बेथलेहेमची दोन वर्षांखालची मुलं मारली. गादीला चिकटलेल्या माणसाच्या हाती भविष्य आलं की ते शस्त्र होतं.

संत ऑगस्टीन तरुणपणी ज्योतिषाच्या नादी लागले होते. फर्मिनस नावाच्या मित्राने त्यांना आपल्या जन्माची हकीकत सांगितली. त्याच घटकेला ओळखीच्या घरातल्या एका दासीलाही मुलगा झाला होता. दोघांची कुंडली एकच. एक वैभवात वाढला, दुसरा गुलामच राहिला. ऑगस्टीन यांचा ज्योतिषावरचा विश्वास तिथे संपला.

ही हकीकत सोळाशे वर्षांपूर्वीची असली तरी वडवणीकरांना ती उलगडून सांगायला नको. दसऱ्यानंतर आपल्या तालुक्यातले ऊसतोड मजुरांचे कोयते साखर कारखान्यांकडे निघतात. एखादं लेकरू फडाशेजारच्या कोपीत जन्मतं, त्याच मिनिटाला एखादं शहरातल्या इस्पितळात. दोघांचे ग्रह एकाच घरात. एकाची शाळा हंगामभर बुडते, दुसऱ्याची बुडत नाही. हे शनीने केलं का? ते उचलीने केलं, मुकादमाच्या वहीने केलं, कोरडवाहू रानाने केलं आणि वर्षानुवर्षं हलगर्जी करणाऱ्या कारभाराने केलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. या बायांच्या पत्रिकेत हे लिहिलेलं नव्हतं. हे माणसांनी केलं आणि माणसांनीच थांबवायचं आहे. नशिबाची भाषा इथे आली की गुन्हेगार सुटतो.

माझ्या ख्रिस्ती बांधवांनाही हेच सांगतो. २०२० च्या निवडणुकीत ट्रम्प पुन्हा जिंकणार, असं अमेरिकेतल्या अनेक उपदेशकांनी देवाचं नाव घेऊन सांगितलं. ते हरले. त्या उपदेशकांपैकी काहींनी माफी मागितली, काहींनी निकालच नाकारला. उमेदवाराच्या डोक्यावर हात ठेवून विजयाची खात्री देणारा पाळकही त्या चारशेंच्याच रांगेतला. शेवटची घटका पित्यावाचून कुणालाच ठाऊक नाही, असं प्रभू येशूने सांगितलं आहे. मग मतमोजणीचा निकाल देवाच्या नावावर आधी सांगायला आपण कोण?

आपल्या मराठी मातीला हे नवं नाही. शकुन आणि भविष्य सांगणाऱ्यांना तुकोबांनी दूरच ठेवलं होतं. त्याच तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत. म्हणून वारकऱ्यांशी बोलताना मला परकेपणा वाटत नाही.

एक्झिट पोलही भाकितंच ना, असं कोणी म्हणेल, तर २०२४ ची लोकसभा आठवा. १ जूनच्या संध्याकाळी बहुतेक एक्झिट पोल सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा देत होते, मिळाल्या २९३. आपल्या बीडमध्ये फरक होता अवघा ६,५५३ मतांचा. पाहणी चुकली तर तिची पद्धत तपासता येते, सुधारता येते. भाकीत चुकलं की ग्रहांची नवी सबब येते. आणि बीडच्या त्या निकालानंतर काही तरुणांनी दुःखाच्या भरात आपला जीव दिला. त्या घरांचं दुःख माझ्या मनातून जात नाही. तरुणांनो, कुठल्याही नेत्याच्या जयपराजयावर तुमचं आयुष्य तोलू नका. आमच्या श्रद्धेत माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. तो कुणाच्या गादीचा पाया नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की त्याचा मुहूर्त विचारू नका, त्याची पाच वर्षं विचारा. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांच्या वसतिगृहाचं काय झालं? गावाला टँकर का लागतो? दवाखान्यात डॉक्टर का नाही? ही उत्तरं लिहून ठेवा आणि पुढच्या निवडणुकीत ती वही उघडा. मीखाया एकटा होता, म्हणून त्याला तुरुंगात टाकणं राजाला सोपं गेलं. अख्खं गाव तोच प्रश्न विचारायला लागलं, तर राजाला उत्तर द्यावंच लागेल.