मोटारघर की मागून येणारे घर?



गेले वर्षभर आमच्या घरात ज्या एका प्रश्नावरून वाद चालला होता, तो आज आपल्यापुढे मांडण्याची मला परवानगी मिळाली आहे. परवानगी म्हणजे नभोवाणीकेंद्राची नव्हे. ती तर मिळालीच. मी म्हणतो ती आमच्या सौभाग्यवतींची. वादाचा विषय असा की, चार महिने सतत हिंडावयाचे असेल, तर जिच्या पोटातच बिछाना, चूल व मोरी आहे अशी मोठी मोटार, म्हणजे मोटारघर, घ्यावे. की आपल्या नेहमीच्या मोटारीमागे जोडून ओढीत न्यावयाचे चाकांचे घर, ज्याला व्यवहारात ट्रेलर म्हणतात, ते घ्यावे?

चार महिने हिंडण्याचे कारण प्रथम सांगतो, कारण त्यावाचून पुढील वाद म्हणजे नुसती हौस वाटेल. आमचे बिऱ्हाड कोयनानगरचे. माझे वडील धरणाच्या कामावर होते, आणि आईचे माहेर त्याच धरणाच्या पाण्याखाली गेले. शिवसागराचे पाणी चढू लागले तशी खोऱ्यातील गावे उठली. माणसे एके ठिकाणी राहिली नाहीत. कोणी सांगलीकडे गेले, कोणी सोलापूरकडे, कोणी घाट उतरून रत्नागिरीत, तर कोणी आजच्या रायगड व ठाणे जिल्ह्यांत. आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. माहेरचे जे कोणी उरले असतील त्यांना एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच तिची इच्छा आहे. मात्र तिचे गुडघे गेलेले, रात्री तीनदा उठावे लागते, आणि परक्याच्या घरी तिला संकोच वाटतो. "कुणाच्या दारात वझं हून ऱ्हायाचं न्हाई," असे ती म्हणते. म्हणून घर बरोबर नेण्याची ही खटपट.

घर बरोबर नेणे ही कल्पना साहेबाची, असे पुष्कळांना वाटते. डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक निवृत्त आरमारी शस्त्रवैद्य १८८५ साली दोन घोड्यांच्या एका ऐसपैस गाडीतून इंग्लंडातून स्कॉटलंडाकडे हिंडले. गाडीचे नाव 'वाँडरर'. ती त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यात बांधवून घेतली होती, आणि अशा गाड्यांच्या छंदाचे ते आद्य पुरुष समजले जातात. परंतु आमच्या कऱ्हाडकडे ऊस तोडावयास येणारी बीडकडील कुटुंबे दर हंगामास बैलगाडीवर भांडीकुंडी, चूल, पोरे व कोंबड्या घालून येतात आणि कारखान्याजवळ कोपी घालून राहतात, त्यांना छंद कोण म्हणेल? तेव्हा घर ओढून नेण्याचे शास्त्र आपल्याकडे नाही असे नाही. ते बैलगाडीत आहे. आणि त्याचा मला पुढे फार उपयोग झाला.

प्रथम आम्ही मोटारघर चार दिवसांसाठी भाड्याने आणले. लहान बसच्या सांगाड्यावर बांधलेले, आत सर्व सोयी. बसल्या जागेवरून उठून, बाहेर न पडता, थेट चुलीशी जाता येते, ह्याचे प्रथमदर्शनी फार कौतुक वाटते. रस्त्यात कोठेही थांबावे आणि आईला चार पावलांवर मोरी मिळावी, ही सोय खरोखर मोलाची. दोन दिवस आम्ही सर्वजण त्या गाडीच्या प्रेमात होतो.

तिसऱ्या दिवशी पाटणजवळ क्लच गेला. मोटार बिघडणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. परंतु मोटारघर बिघडले म्हणजे घरच दुरुस्तीला जाते, ही गोष्ट आमच्या ध्यानात तोवर आली नव्हती. सबंध दिवस आमचे स्वयंपाकघर, बिछाने, आईची औषधे आणि देवांची पेटी गॅरेजमधील जॅकवर चढून बसली होती, आणि आई एका तेलकट बाकावर. भाडे घेणाऱ्या मंडळींनी दूरध्वनीवरून सहानुभूती पुष्कळ दिली. गाडी मात्र दुसरी दिली नाही.

दुसरी अडचण अधिक साधी आणि म्हणूनच अधिक त्रासाची. भाजी आणावयाची तर घर बाजारात न्यावे लागते. गावात आत शिरावे तर आंब्याची फांदी आणि विजेची तार ह्यांच्याखालून दहा फुटी उंचीचे धूड काढावे लागते. वळताना मागच्या चाकांच्या पलीकडे राहिलेला शेपटीचा भाग बाहेरच्या अंगाला फेकला जातो. एका गोठ्याचे कूड आम्ही ह्याच कारणाने मोडले व भरून दिले. आणि पुढची बैठक इतकी उंच की तीन पायऱ्या चढताना आई दर वेळी थांबून वर पाही, जसे काही जोतिबाच्या पायऱ्या चढावयाच्या आहेत.

त्यानंतर एका स्नेह्याचा एका आसाचा, म्हणजे दोनच चाकांचा, ट्रेलर आम्ही पंधरा दिवस उसना घेतला. येथे मात्र फजिती माझी स्वतःची. कऱ्हाडहून पाटणकडे येत असताना, सपाट रस्त्यावर, ताशी साठ किलोमीटरच्या सुमारास मागचे घर डावीउजवीकडे डुलू लागले. प्रथम हळू, मग इतके की मोटारीचा पार्श्वभागही त्याबरोबर हलू लागला. अशा वेळी ब्रेक दाबावासा वाटतो, आणि तोच दाबू नये. वेग वाढवून ते सरळ होईल असेही समजू नये. सुकाणू सरळ धरून पाय नुसता उचलावा व गाडी आपोआप मंद होऊ द्यावी. मला हे ठाऊक होते म्हणून नव्हे, तर भीतीने पाय उचलला गेला म्हणून आम्ही बचावलो.

कारण शोधता सापडले ते असे. आईने माहेरच्यांसाठी तांदळाचे पोते घेतले होते. ते, गॅसची टाकी आणि पाण्याचे दोन मोठे डबे आम्ही सर्वांत मागे, दाराशी, रचले होते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका गाडीवानाने नुसते पाहून सांगितले, "उलाळ झालीया की वो गाडी." उलाळ आणि धुरजड हे दोन शब्द शहरात आता ऐकू येत नाहीत. गाडीचा भार मागे गेला म्हणजे ती उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलू लागते. भार पुढे आला म्हणजे ती धुरजड, आणि मग बैलांची मान मोडते. गाडीवानाची सारी अक्कल ह्या दोहोंमध्ये भार बसविण्यात असते. ट्रेलरचे शास्त्र ह्याहून निराळे नाही. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा सुमारे एक दशांश भार पुढील जोडावर यावा असा सर्वसाधारण नियम आहे. हजार किलोच्या घराचा शंभर किलो. विलायतेत ह्याहून थोडा कमी घेतात, अमेरिकेत थोडा अधिक. जड वस्तू आसाच्या वर, हलक्या पुढेमागे. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, हे विसरू नये. शंभर लिटरची टाकी आसापासून दूर असेल, तर ती भरल्याने आणि रिकामी झाल्याने सकाळचे घर आणि संध्याकाळचे घर ही दोन निराळी वाहने होतात. ज्यांना अंदाजावर विसंबावयाचे नाही त्यांनी वजनकाट्यावर जावे: एकदा सबंध ट्रेलर चढवावा, आणि एकदा नुसते पुढील आधाराचे चाक काट्यावर ठेवावे. आम्ही तसेच केले. काट्यावरील मंडळी उसाच्या सवयीने "टनेज किती धरायचं?" म्हणून हसली.

ओढणाऱ्या मोटारीविषयीही येथेच सांगतो. मोटार बनविणाऱ्याने ओढण्याची मर्यादा लिहून दिलेली नसेल, तर त्या मोटारीला ट्रेलर जोडू नये. आपल्याकडील कित्येक मोटारींची ही स्थिती आहे. विलायतेत नवशिक्याला असा सल्ला देतात की, भरलेल्या ट्रेलरचे वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नये. आणि कायद्याचे म्हणाल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याला इंजिन नाही म्हणून तो नोंदणीतून सुटत नाही. आपल्या राज्याच्या पर्यटन खात्याने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यात स्वतः चालणारी आणि ओढली जाणारी अशी दोन्ही घरे धरली आहेत. धोरण झाले, घर उभे करण्यासाठी पाणी, वीज आणि मैला टाकण्याची सोय असलेले तळ मात्र अजून बोटांवर मोजण्याजोगे.

आता उलटे चालविणे. ट्रेलरसह मोटार मागे घेणे हा मनुष्याचा गर्व हरण करण्यासाठी योजिलेला खेळ आहे. सुकाणू डावीकडे फिरवावे तो घर उजवीकडे जाते, आणि घाबरून अधिक फिरवले की मोटार व घर कात्रीच्या पात्यांप्रमाणे मिटू लागतात. कुंभार्ली घाटात, पोफळीकडे उतरताना, समोरून मालमोटार अडल्यामुळे आम्हाला वीस पावले मागे यावयाचे होते. त्याला पाऊण तास लागला. मागे वाहनांची रांग, वर धुके. अखेर चार तरुणांनी जोड सोडून ट्रेलर हातांनी मागे नेला. स्टेबल्स डॉक्टरांनी आपल्या गाडीपुढे तीनचाकी सायकलीवरून नोकर पाठविण्याची व्यवस्था ठेविली होती. त्यातील शहाणपण मला त्या पाऊण तासात पटले.

परंतु हे शिकता येते. कारखान्याला ऊस नेणाऱ्या एका ट्रॅक्टरचालकाने मला तीन संध्याकाळी मोकळ्या शेतात शिकविले. वय पंचविशीच्या आत. पण गुरू म्हणून मी त्याला नमस्कार करतो. तो म्हणाला, "काका, हात चाकाच्या वर धरू नका. खाली धरा. घर जिकडं न्यायाचं तिकडं खालचा हात न्या." एवढ्या एका वाक्यात उलट्याचे सुलट झाले. दोन ट्रॉल्या जोडल्या तर तू काय करतोस, असे मी विचारले, तेव्हा म्हणाला, "मग मागं घ्यायाचंच न्हाई. एक सोडायची."

उताराचे भय मात्र मला वाटले होते त्याहून कमी निघाले. आमच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक होते: मोटार मंदावली की मागचे घर जोडावर रेटते, आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. तरीही लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले तर ते तापतात; खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर उतरावे. वळणावर ट्रेलर आतल्या अंगाने येतो, म्हणून वळण रुंद घ्यावे. मोटारघरालाही हे नियम थोडेफार लागू आहेतच.

उरला सौभाग्यवतींचा आक्षेप. त्या म्हणाल्या, "अहो, रात्री कोणी दार ठोठावलं, तर मोटारघरात बिछान्यावरून उठून गाडी चालू करता येते. ट्रेलरमधून आधी बाहेर पडायला हवं, मग मोटारीत बसायला हवं. तेवढ्यात काय होईल?" ह्यावर मजजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. जो मनुष्य रोज नवीन ठिकाणी, अनोळखी माळावर, महामार्गाच्या कडेला मुक्काम करणार असेल, त्याने मोटारघरच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. पाऊण तास उभारणी, पाऊण तास आवराआवर हे रोज करणे उतारवयात जमत नाही. चालत्या ट्रेलरमध्ये माणसाने बसावयाचे नसते, म्हणून मोठ्या कुटुंबाला मोटारीत दाटीही होते.

आमचा हिशेब वेगळा निघाला तो मुक्कामांची यादी केल्यावर. आईने सांगितलेली गावे होती अकरा. प्रत्येक गावी आठ-दहा दिवस. आणि प्रत्येक ठिकाणी घर उभे राहणार ते कोणा ना कोणा नात्यातल्या माणसाच्या अंगणात. म्हणजे चार महिन्यांत घर हलणार जेमतेम बारा वेळा. बाकीचे दिवस मोटार मोकळी. तीतून वस्तीच्या बोळात जाता येईल, डॉक्टराकडे जाता येईल, आणि आईला त्या उंच पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. शिवाय मोटार बिघडली तरी घर अंगणात राहील. अंगणात कोणी दार ठोठावील तर तो चहाला बोलवावयास आलेला असेल, हे सौभाग्यवतींनीही अखेर मान्य केले. मात्र जोडाला व चाकाला दोन कुलपे त्यांनी स्वतः निवडून आणली आहेत.

उसन्या ट्रेलरमधील पहिल्या रात्रीची एक गोष्ट सांगावयाची राहिली. मी पहाटे उठून पाणी प्यावयास गेलो, तो सबंध घर किंचित डुलले, आणि आई किंकाळी फोडून उठून बसली. "आरं, हालतंय! भाईर पळा!" ११ डिसेंबर १९६७ ची पहाट ज्यांनी कोयनानगरात काढली, त्यांना ह्याचा खुलासा नको. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. आमच्या खोलीची भिंत पडली ती आईच्या उशाशी. त्या रात्रीनंतर तिला घराचा एवढासा हेलकावाही खपत नाही. ट्रेलरच्या चारी कोपऱ्यांना खाली सोडावयाचे टेकू असतात. ते मी आळसाने लावले नव्हते. मोटारघरात आम्ही होतो तेव्हाही ते डुलत असे, पण आई त्या चारही रात्री जागीच होती, हे तिने आम्हाला नंतर सांगितले. आता मुक्कामाला पोचल्यावर प्रथम टेकू, मग पाणी, मग चूल, असा क्रम ठरला आहे.

ट्रेलर आम्ही घेतला आहे, लहानच. दिवाळी झाली, घाटातले धुके ओसरले, की निघू. पहिला मुक्काम सोलापूर जिल्ह्यात, आईच्या चुलतबहिणीकडे. तांदळाचे पोते ह्या खेपेस बरोबर आसावर ठेविले आहे.