आज तिथी कोणती?

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात जुफैर येथे केलेले भाषण)



मसाला दूध आटेपर्यंत बोला, असा मला हुकूम आहे. तेव्हा थेट पाण्यातच शिरतो.

माझ्या ऑफिसात एक इंग्रज सहकारी होता. त्याला ‘फ्लाय फिशिंग’चा भारी नाद. यात गळाला आमिष लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटा किडा किंवा छोटा मासा बनवतात. त्याला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून जाड दोरीच्या वजनावर तो लांब फेकायचा. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, आधी मासा डोळ्यांनी शोधायचा आणि मग नेमका त्याच्या वाटेवर गळ टाकायचा. खाऱ्या उथळ पाण्यात वाटाड्याशिवाय हे जमत नाही. सित्र्याचे एक वयस्कर मच्छीमार आमचे वाटाडे झाले. आम्ही त्यांना हाजी म्हणायचो.

होडीत बसताच हाजींनी मला विचारलं, “आज चंद्र कितवा?”

मला सांगता येईना! मंडळी, माझे आजोबा मालवणला रापणीचे वाटेकरी होते. घरात घड्याळ नसलं तरी चालेल, पंचांग हवं. तिथीची पाऊणपट करा, की भरतीची वेळ आली. अष्टमी असेल तर सहा वाजता. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, त्याचाच हा हिशोब. इथल्या वेळा वेगळ्या, पण चंद्र तोच. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. हे सगळं लहानपणी ऐकलेलं, आणि ऐन वेळी मी खिशातला फोन चाचपत होतो.

हाजींनी आम्हाला पाण्यात उतरवलं. पहिला धडा – पाय उचलायचा नाही, घसटत चालायचं. वाळूत पाकट दडलेली असते. धक्का लागला तर ती पळते, पाय पडला तर काटा मारते. दुसरा धडा – माशाकडे नाही, पाण्याकडे बघा. सगळीकडे लहर एका दिशेने जाते आणि एका जागी उलटी थरथरते, तिथे मासा. आम्हा दोघांना महागड्या चष्म्यातून जे दिसेना, ते हाजी डोळे बारीक करून दाखवत होते. तीन तासांत एक मासा लागला, आणि साहेबांनी फोटो काढून तोही सोडून दिला. हाजींना हसू आवरेना.

परतताना त्यांनी हद्रा दाखवली. उथळ पाण्यात बाणाच्या आकारात रोवलेलं कुंपण. पूर्वी खजुराच्या झावळ्यांचं असे, आता तारेच्या जाळीचं. भरतीबरोबर मासा किनाऱ्याकडे येतो. ओहोटीला परतताना कुंपण आडवं आलं, की कडेकडेने खोल पाण्याकडे जातो आणि टोकाच्या कोंड्यात अडकतो. ओहोटीला जायचं आणि साफी उचलून आणायची. गळ नाही, इंजिन नाही, नुसतं चंद्राचं गणित.

हे काही किरकोळ काम नव्हे हं. दलाल अल-अब्दुलरझ्झाक आणि डॅनियल पॉली या संशोधकांनी उपग्रहाच्या चित्रांवरून आखातातल्या अशा हद्रा मोजल्या. २००५ सालासाठी त्यांचा अंदाज सुमारे १,९०० हद्रा आणि ३१,००० टन मासळी असा निघाला. सरकारी आकड्यांत नोंद होती ५,२६० टनांची!

आता मुद्द्याची गोष्ट. हद्रेला उथळ पाणी लागतं आणि भराव घालायलाही उथळ पाणीच सोपं. गेल्या पन्नासेक वर्षांत बहारीनची जमीन सुमारे शंभर चौरस किलोमीटरने वाढली ती अशीच. आपलं जुफैर म्हणजे एके काळचं किनाऱ्यावरचं गाव, त्याचाही बराच भाग भरावाचा. २०१० साली व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात बहारीनने कोळ्यांच्या तीन झोपड्या उचलून नेऊन मांडल्या आणि समुद्र कसा दुरावतोय ते जगाला सांगितलं. त्याला सर्वोत्तम देशाचा ‘गोल्डन लायन’ मिळाला.

हाजी म्हणाले, “माझी मुलं बँकेत आहेत. चांगलं आहे. पण पाणी कुणाला दाखवू?”

मी काय बोलणार? आजोबांच्या रापणीची दोरी मी तरी कुठे हातात घेतली? भरावावर मी त्यांना दोष देऊ शकत नाही, त्याच जागेवरच्या फ्लॅटमध्ये मी सुखाने राहतो आहे. पण पाणी बुजलं की ज्ञानही बुजतं, आणि ते पुन्हा उपसून काढता येत नाही, एवढं त्या दिवशी कळलं.

म्हणून एकच विनंती. आज पौर्णिमा आहे, उधाणाचे दिवस. पंधरा दिवसांनी लक्ष्मीपूजन, म्हणजे अमावस्या, पुन्हा उधाण. त्या दिवसांत ओहोटीला समुद्र सगळ्यांत लांब जातो. फराळाचे डबे आणि मुलांना घेऊन किनाऱ्यावर जा. गावी आजी-आजोबा असतील तर फोन लावून मुलांनाच विचारू द्या, “आज तिथी कोणती? भरती कधी?”

सांगणारे आहेत तोवर विचारून घेऊया. दूध आटलेलं दिसतंय.