अजून अवकाश आहे

पडद्यावरचं चित्र बघून मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ‘उलटं लावलंय का हो?’ शंका रास्त आहे. एचिंग मुळात उलटंच काढतात. तांब्याच्या पत्र्यावर डावीकडे असेल ते कागदावर उजवीकडे येतं. पण लावणाऱ्याची चूक नाही, हे असंच आहे. जाड काळे पट्टे, काटकोनाच्या जवळपास वळणारे, तरी पट्टीने न आखलेले, आणि त्यांच्यामधून गेलेला एक पांढरा बोळ. हा बोळ एके ठिकाणी इतका चिंचोळा होतो की दोन्ही काळे आकार आता भिडणार असं वाटतं. भिडत नाहीत.

हे काम एदुआर्दो चियीदा या बास्क शिल्पकाराचं. जन्म १९२४चा, सान सेबास्तियानचा. बास्क लोक त्या गावाला दोनोस्तिया म्हणतात. समुद्रकाठच्या खडकांत रोवलेल्या त्याच्या पोलादी ‘वाऱ्याच्या फणी’चे फोटो तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. आज ते नको, आज कागदच बघू.

चियीदा तरुणपणी रेआल सोसिएदाद या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. गुडघा दुखावला, मैदान सुटलं. ही गोष्ट सहसा गंमत म्हणून सांगतात. मला ती कळीची वाटते. गोलकीपर राखतो काय? दोन खांब आणि एक आडवा दांडा यांच्यामधली, जिथे काहीच नाही अशी जागा. शिवाय ती लहानमोठी होत राहते. हा दोन पावलं पुढे आला की समोरच्या खेळाडूला तोच गोल आक्रसलेला दिसतो. किती जागा उरली आणि किती वेळ उरला, हे दोन्ही हिशेब एकाच क्षणात मांडायचे. मराठीत ते एका शब्दात भागतं. अवकाश म्हणजे जागा, आणि ‘लग्नाला अजून अवकाश आहे’ म्हणतो तेव्हा वेळ. इतका सोयीचा शब्द आपण अंतराळयानांच्या बातम्यांना देऊन टाकलाय, ते असो.

मैदान सुटल्यावर चियीदा माद्रिदला वास्तुकला शिकायला गेला, ती अर्धवट सोडली. पॅरिसला काही वर्षं काढून १९५१ साली मायदेशी परतला आणि एर्नानी गावात लोहाराच्या भट्टीवर काम करू लागला. तापलेली कांब वाकवताना लोहाराची नजर कांबेवर असते. चियीदाची नजर त्या कांबेने कवेत काय घेतलं त्यावर.

पत्र्यावर तो हेच करतो. तांब्यावर मेण आणि डांबराचा लेप देतात. लेप खरवडला तिथे आम्ल तांबं खातं. मोठा भाग काळा हवा असेल तर सहसा राळेची पूड वितळवून बसवतात, म्हणजे शाई धरायला खरखरीतपणा येतो. मग शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून दाब द्यायचा. आता बघा, काळं दिसतं तिथलं तांबं खाल्लं गेलंय आणि पांढरं आहे तिथे धातू शाबूत आहे. आपण ज्याला रिकामा बोळ म्हणालो तो पत्र्यावर भरीव! शिल्पकाराला या उलटसुलट व्यवहाराची गोडी लागली नसती तरच नवल. मूळ छाप तिरप्या उजेडात धरा. पत्र्याच्या कडेचा दाब दिसतो आणि काळी शाई कागदावर केसभर वर आलेली असते.

आणि रेषा? शोधा. ओढलेली रेषा इथे कुठेच नाही. काळं जिथे थांबतं, ती रेषा. तीही थोडी अडखळत जाते. विद्यार्थी असतानाच चियीदाने उजवा हात बाजूला ठेवून डाव्याने चित्रं काढायला घेतली होती. उजवा फार सराईत होता, डोक्याच्या आधीच मोकळा व्हायचा.

१९६९ साली हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाचा कला आणि अवकाशावरचा निबंध चियीदाच्या सात लिथो-कोलाजांसह निघाला. हायडेगरने मजकूर स्वतःच्या हाताने लिथोच्या दगडावर लिहिला. शिळाप्रेसवरच्या पोथ्या ज्यांच्या घरी आहेत त्यांना याचं अप्रूप नसेल. ‘राउम’ म्हणजे अवकाश, या जर्मन शब्दाची फोड करताना तो रान साफ करून मोकळी केलेली जागा दाखवतो. वाचायला जड आहे, पण लोकलमध्ये तिघांच्या बाकापाशी चौथा येऊन ‘जरा सरका’ म्हणतो, तेव्हा दुसरं काय होतं? बाकाची लांबी तेवढीच, तरी जागा होते.

पुढे चियीदाने गोंदही सोडला. कापलेले कागद एकावर एक ठेवून दोऱ्याने टांगायला लागला. या कामांना त्याने गुरुत्वाकर्षणाचं नाव दिलं. चिकटवलं की दोन कागदांमधली हवा जाते, आणि ती हवा तर त्याला हवी होती.

पुढची स्लाइड लावा. उजवीकडे, काळ्या आकाराच्या कडेला करडी रेघ दिसतेय? ती शाईची नाही. तिथे वरचा कागद खालच्यापासून जरासा सुटलाय, त्याची सावली पडलीय.