आकाशातील व्यापार आणि जमिनीवरचा ग्राहक

(नाशिक येथील एका अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नाशिकहून पुण्याला जाणाऱ्या प्रवाशाला नारायणगावचा परिसर दोन गोष्टींसाठी ठाऊक असतो. एक तिथला भाजीबाजार आणि दुसरी खोडदची महाकाय रेडिओ-दुर्बीण. त्याच जुन्नर तालुक्यात आर्वी नावाचे गाव आहे, आणि भारताच्या दळणवळणाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे, ह्याची आठवण मात्र आज फारशी कोणाला राहिलेली नाही. देशातील पहिले व्यापारी उपग्रह-भूकेंद्र १९७१ च्या सुमारास ह्या आर्वीत उभे राहिले आणि पुढे त्याला विक्रम साराभाई ह्यांचे नाव मिळाले. तोवर परदेशी दूरध्वनी म्हणजे लघुलहरींवरून येणारा खरखरता आवाज आणि तासन्‌तास ताटकळणे होते. आर्वीच्या तबकडीने हिंदी महासागरावरील उपग्रहाशी संधान बांधले आणि हा व्यवहार बदलला.

उपग्रह-दळणवळणाच्या धंद्याला पुढे काय भवितव्य आहे, हा प्रश्न सध्या वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर मोठ्या उत्साहाने चर्चिला जातो. तथापि त्याचे उत्तर शेअरबाजाराच्या आलेखात शोधण्यापेक्षा आर्वीच्या इतिहासात शोधणे अधिक फलदायी ठरेल.

हा इतिहास आर्वीच्याही मागे जातो. १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी संदेशवहन सुरू झाले ते एका खाजगी कंपनीमार्फत आणि त्याची केंद्रे होती खडकी व दौंड येथे. १ जानेवारी १९४७ रोजी हा उद्योग सरकारने ताब्यात घेतला. त्याच सरकारी खात्याने पुढे आर्वीचे केंद्र चालवले. १९८६ साली खात्याचे विदेश संचार निगम ह्या महामंडळात रूपांतर झाले. नफा कमावणारे हे महामंडळ २००२ साली निर्गुंतवणुकीच्या यादीत आले. त्याचे २५ टक्के भाग टाटा समूहाने १,४३९ कोटी रुपयांना घेतले आणि भागांबरोबर व्यवस्थापनही घेतले. थोड्याच महिन्यांत महामंडळाच्या गंगाजळीतील १,२०० कोटी रुपये त्याच समूहाच्या दुसऱ्या दूरध्वनी कंपनीत गुंतवण्याचा निर्णय जाहीर झाला आणि त्यावरून खुद्द सरकारमध्ये वाद पेटला. खाजगीतून सार्वजनिक आणि सार्वजनिकातून पुन्हा खाजगी, असे हे पंचाहत्तर वर्षांचे वर्तुळ आहे. ह्या वर्तुळात जोखमीचा काळ बहुतांशी जनतेच्या पैशाने पार पडला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

जगातही काही निराळे घडले नाही. १९६४ साली इंटेलसॅट स्थापन झाली ती अनेक राष्ट्रांच्या सरकारांनी भाग घेतलेली एक प्रकारची सहकारी संस्था म्हणून. एप्रिल १९६५ मध्ये तिने सोडलेल्या पहिल्या उपग्रहावर अवघी २४० दूरध्वनी-संभाषणे एका वेळी चालू शकत. छोट्या देशांनाही रास्त दरात सेवा मिळावी, हा तिचा हेतू होता. २००१ साली तिचे खाजगीकरण झाले. त्यानंतर ती एका वित्तसंस्थेकडून दुसरीकडे गेली, कर्जाचा डोंगर चढत गेला आणि मे २०२० मध्ये तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. जुलै २०२५ मध्ये ती लक्झेंबुर्गच्या एसईएस कंपनीत विलीन झाली. दरम्यान समुद्रतळावरील काचतंतूंच्या केबलींनी आंतरराष्ट्रीय संभाषणाचा जवळजवळ सगळा भार उचलला होता. जिथे केबल पोहोचते तिथे उपग्रह किमतीत टिकत नाही, हा ह्या धंद्याचा पहिला नियम होय.

दुसरा नियम भांडवलाचा आहे. ह्या उद्योगात पहिला ग्राहक मिळण्यापूर्वीच जवळजवळ सर्व खर्च होऊन गेलेला असतो. गिरणी अर्धवट चालवता येते, शेत थोडे पेरता येते. उपग्रहांचे जाळे अर्धे टाकून भागत नाही. शिवाय एकदा आकाशात गेलेले भांडवल दुसऱ्या कामाला लावता येत नाही. इरिडियम ह्या अमेरिकन कंपनीचे उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालण्याजोगे आहे. सुमारे ५०० कोटी डॉलर खर्चून तिने ६६ उपग्रहांचे जाळे विणले. नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू झाली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनी दिवाळखोर ठरली. ही मालमत्ता पुढे अवघ्या अडीच कोटी डॉलरना विकली गेली. म्हणजे शंभर रुपयांची वस्तू आठ आण्यांना. नव्या मालकांना तारले ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कंत्राटाने. ह्या प्रकल्पाच्या भारतीय शाखेत येथील वित्तसंस्थांचा पैसा अडकला होता. त्यातून पुण्याच्या न्यायालयात मूळ प्रवर्तक कंपनीविरुद्ध फसवणुकीची फिर्याद झाली. कंपनीवरही असा खटला चालू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. वनवेब ही दुसरी कंपनी मार्च २०२० मध्ये बुडाली. ब्रिटिश सरकार आणि भारती समूह ह्यांनी मिळून तिला वर काढले आणि २०२३ साली ती फ्रान्सच्या युटेलसॅटमध्ये मिसळली.

तिसरा नियम घसाऱ्याचा. जुना भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पंधरा वर्षे काम करी. स्टारलिंकसारख्या नव्या जाळ्यातील छोटे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात. संदेश त्वरित पोहोचतो हा त्यांचा मोठा गुण. पण आयुष्य पाचएक वर्षांचे. २०२५ पर्यंत ह्या एका कंपनीचे सात हजारांहून अधिक उपग्रह आकाशात होते. एवढा ताफा नुसता कायम राखायचा म्हटले तरी वर्षाकाठी चौदाशे नवे उपग्रह सोडावे लागतात. ज्याच्या घरचे अग्निबाण आहेत त्यालाच हे परवडते. म्हणूनच ह्या क्षेत्रात स्पर्धेची भाषा कितीही बोलली गेली, तरी धंद्याचा ओढा मक्तेदारीकडे आहे.

आता भारताकडे वळू. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकेकडून उसना घेतलेल्या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. ती सहा राज्ये निवडताना मागासलेपणाची कसोटी लावली होती आणि कार्यक्रम होते शेती, आरोग्य व शिक्षणाचे. १९८३ साली इन्सॅट-१बी स्थिरावला आणि एकाच उपग्रहाने हवामान खाते, तारटपाल, आकाशवाणी व दूरदर्शन ह्यांची कामे केली. नाशिकचाही ह्या प्रवासात वाटा आहे. एज्युसॅट हा शिक्षणाला वाहिलेला उपग्रह सप्टेंबर २००४ मध्ये अवकाशात गेला. त्याच्या प्राथमिक प्रयोगासाठी निवडलेल्या तीन विद्यापीठांत येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ एक होते. एज्युसॅट २०१० साली निवृत्त झाला. आकाशातून धडा उतरला, तरी खाली वीज हवी, यंत्र दुरुस्त करणारा माणूस हवा आणि विद्यार्थ्याच्या शंकेला उत्तर देणारा शिक्षक हवा, हे ह्या प्रयोगांनी दाखवून दिले.

व्यापारी दृष्टीने पाहता ह्या उद्योगाच्या निरनिराळ्या शाखांचे भवितव्य सारखे नाही. घरोघरच्या सशुल्क तबकड्यांचा धंदा ओसरतो आहे. २०२० च्या अखेरीस सात कोटींच्या घरात असलेली ह्या ग्राहकांची संख्या २०२४ अखेर सहा कोटींच्या खाली उतरली. मासिक वर्गणी न घेणारी दूरदर्शनची मोफत सेवा मात्र गरीब घरांत टिकून आहे. दूरच्या बँकशाखा, पेट्रोलपंप, खाणी ह्यांना लागणारी छोटी भूकेंद्रे बेताने चालत राहतील. जहाजे, विमाने आणि संरक्षण दले हे वाढते गिऱ्हाईक आहे. खरी अनिश्चितता आहे ती घरगुती इंटरनेटची, आणि सगळा गाजावाजा तर तिचाच चालला आहे.

ही अनिश्चितता कशातून येते, हे नाशिक जिल्ह्याच्याच उदाहरणाने समजेल. एक उपग्रह एका वेळी ठरावीक क्षेत्रावर ठरावीक क्षमता ओतू शकतो. २०२७ च्या सिंहस्थात गोदाकाठी लाखो भाविक एकवटतील, तेव्हा त्यांच्या भ्रमणध्वनींचा भार उपग्रह पेलू शकणार नाही; तिथे मनोरे आणि जमिनीतील तंतूच लागतील. उलट पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत विखुरलेल्या पाड्यांवर, जिथे तंतू नेणे खर्चाचे आणि मनोरा उभारणे तोट्याचे, तिथे उपग्रह हे नामी साधन आहे. म्हणजे विरळ वस्ती हीच ह्या मालाची बाजारपेठ होय. अमेरिकेत विरळ वस्तीत राहणारा शेतकरी दरमहा शंभर डॉलरच्या आसपास खर्च करू शकतो. भारतात मोबाइल कंपन्यांना एका ग्राहकामागे दरमहा दोनशे ते अडीचशे रुपये मिळतात, आणि तो सरासरी ग्राहक आहे. सुरगाण्याचा शेतमजूर नव्हे. ज्याला गरज आहे त्याच्याकडे पैसा नाही, आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या दारात तंतू आलेला आहे. अर्थशास्त्रात गरजेला मागणी म्हणत नाहीत. क्रयशक्तीची जोड मिळाली तरच गरज मागणी बनते.

ही जोड कोण देणार? अर्थात सरकार. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केले. असे करणारे हे देशातील पहिले राज्य. केंद्राच्या परवानग्यांच्या अधीन राहून गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशा जिल्ह्यांतील शासकीय संस्था व दुर्गम गावे जोडण्याचा हा संकल्प आहे. संकल्प वाईट म्हणता येणार नाही. नंदुरबारच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरला तज्ज्ञाचा सल्ला क्षणात मिळावा, ह्याला कोण विरोध करील? आदिवासी मुलाने ‘रेंज’साठी टेकडी चढत बसावे, असे म्हणणारा समाजवादी असूच शकत नाही. प्रश्न साधनाचा नाही, अटींचा आहे. ह्या धंद्याचा ग्रामीण भारतातील मुख्य ग्राहक सरकारच असणार असेल, तर कंपनीच्या नफ्याची हमी सार्वजनिक तिजोरी देणार, असा त्याचा अर्थ होतो. जो हमी देतो त्याने अटी घातल्या पाहिजेत, घेणाऱ्याने नव्हे.

पहिली अट भाड्याची. रेडिओलहरींचा पट्टा ही जमिनीसारखीच निसर्गदत्त संपत्ती आहे आणि तिच्या वापरातून मिळणारा जादा लाभ हा रिकार्डोने वर्णिलेला खंडच होय. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनीच्या १२२ परवान्यांचे वाटप रद्द केले, ते ह्याच तत्त्वावर. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने उपग्रहांसाठीच्या लहरी लिलावाविना देण्याची तरतूद केली. एकाच लहरी अनेक उपग्रह वापरू शकतात, म्हणून त्यांचा लिलाव अवघड आहे, हा तांत्रिक मुद्दा मान्य करावा लागतो. पण लिलाव नाही म्हणजे खंड नाही असे होत नाही. नियामक प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये महसुलाच्या ४ टक्के आकार आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये अशी शिफारस केली. शहर आणि खेडे ह्यांत फरक करण्याचे तत्त्व योग्य आहे. ह्या रकमेतून दुर्गम पाड्यांचे दर उतरले, तरच त्याला अर्थ.

दुसरी अट पर्यायाची. सप्टेंबर २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात क्रिमियाजवळ सेवा द्यायची की नाही, हा निर्णय एका खाजगी मालकाच्या हाती असल्याचे जगाने पाहिले. ज्या राज्याची आपत्तिव्यवस्था, पोलीस आणि दवाखाने एका परकीय कंपनीच्या उपग्रहांवर विसंबतील, त्याने दुसरा मार्ग तयार ठेवलाच पाहिजे. भारताची अवकाश संस्था ते करण्यास असमर्थ नाही. वनवेबचे ७२ उपग्रह तिनेच २०२२ व २०२३ मध्ये दोन उड्डाणांत कक्षेत नेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मात्र तिचा ४,७०० किलोचा इंटरनेट-उपग्रह अमेरिकन खाजगी अग्निबाणाने पाठवावा लागला. ही उणीव भरून काढण्यासाठी लागणारा पैसा हा खर्च नव्हे, विमा आहे.

तिसरी अट जमिनीवरच्या तंतूची. ग्रामपंचायतींना काचतंतूने जोडण्याची योजना २०११ पासून चालू आहे आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. उपग्रहाची घोषणा झाली म्हणून हे खोदकाम रेंगाळू देणे आत्मघातकी ठरेल. घातलेला तंतू दशके टिकतो आणि देशाच्या मालकीचा राहतो. उपग्रहाचे भाडे थकले की तबकडी मुकी होते. तंतू जिथे खरोखर जाऊ शकत नाही, त्या पाड्यांची यादी ग्रामसभांच्या साक्षीने करावी आणि उपग्रहाची सेवा तेवढ्यांपुरती घ्यावी. त्या यादीत सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील गावे असावीत की नाहीत, हे मुंबईतील सादरीकरणात नव्हे, तर त्या गावांतच ठरले पाहिजे.

तेव्हा ह्या धंद्याचे भवितव्य काय? थोडक्यात सांगायचे तर समुद्रावर आणि युद्धभूमीवर तेजी, शहरात मंदी, आणि भारतीय खेड्यात सरकार देईल तेवढाच बाजार. हे शेवटचे वाक्य गुंतवणूकदाराला निराशेचे वाटेल. नागरिकाला ते बळ देणारे आहे. कारण बाजार ज्याच्या पैशाने उभा राहतो, त्याला त्याचा हिशेब मागता येतो. आर्वीची तबकडी लोकांच्या पैशाने उभी राहिली, आणि ती हातची गेली तेव्हा लोकांना कोणी विचारले नाही. पुढच्या तबकड्या पाड्यापाड्यांवर बसतील तेव्हा तरी करार काय झाला, दर काय ठरला आणि मुदत संपल्यावर यंत्र कोणाचे, हे तीन प्रश्न प्रत्येक ग्रामसभेने विचारावेत. आकाश कोणाच्या मालकीचे नाही; म्हणूनच त्याच्या भाड्यावर पहिला हक्क सर्वांचा आहे.