न दिसणारं सोनं



मी भूगर्भशास्त्र शिकवतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘मग सोनं कुठे आहे?’ सकाळपासून तिघांनी विचारून झालंय, म्हणून सगळ्यांना एकदमच सांगतो.

शाळेच्या मैदानात खणू नका! खाली नुसता काळा पाषाण आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. सोन्यासाठी मी मुलांना रायचूर जिल्ह्यात हट्टीला नेतो. तिथला खडक सुमारे अडीच अब्ज वर्षांचा. खाणीतला दगड हातात घेतला की मुलांचे चेहरे पडतात, कारण त्यात चकाकतं ते बहुधा सोनं नसतंच. टनभर दगडात तीन-चार ग्रॅम सोनं निघालं तरी खाण चालते. एवढंसं डोळ्यांना काय दिसणार?

म्हणून आधी त्याचे सोबती शोधायचे. अर्सेनिक हा त्यातला मोठा चहाडखोर. ओढ्यातला गाळ, शेतातली माती ठरावीक अंतरावर पिशवीत भरायची, प्रयोगशाळेत तपासायची आणि आकडे नकाशावर मांडायचे. आकडे जिथे चढतात, तिथे जमिनीत वीज सोडून खालच्या खडकाचा अंदाज घ्यायचा आणि मग ड्रिलिंग. त्यातून दगडाची लांब कांडी वर येते. ती उभी चिरून अर्धी तपासायला पाठवायची, अर्धी पेटीत जपून ठेवायची.

या उरलेल्या अर्ध्या कांडीवर मी अख्खा एक तास घेतो. इंडोनेशियात बुसांग इथे ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने प्रचंड सोनं सापडल्याचं जाहीर केलं होतं. तिथे जवळजवळ सगळी कांडी चुरडून टाकली जाई, पडताळायला काही उरतच नसे. १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीने शेजारीच भोकं पाडली, तर हाती काही लागलं नाही. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं होतं. त्याचे कण नदीतल्या सोन्यासारखे गोलसर होते. शेअर घेतलेली साधी माणसं बुडाली.

आपले विज्ञानाचे सर समोर बसलेत. प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ एकाच ओळीत लिहिलं की सर वही परत करायचे. माझी मुलंही आता वैतागतात, कारण दहांपैकी नऊ भोकांच्या वहीत ‘सोनं नाही’ एवढंच येतं आणि तेही मी सही-तारखेनिशी लिहायला लावतो.

मागच्या टेबलावर हट्टीचा एक दगड ठेवलाय. जेवायला जाताना हातात घेऊन बघा. पिवळं दिसेल, ते सोनं नव्हे, हे आधीच सांगतो.